भिंतीवरची किल्ली

१

“गोरडकाका, चोर सापडलाय. तुम्ही फक्त येऊन बघा,” गुरु फोनवर म्हणाला आणि तिथंच माझं डोकं फिरलं. चोर आधी आणि तपास मागनं, असली प्रकरणं मी जन्मभर निस्तरली आहेत. मी विमा कंपन्यांचा सर्व्हेअर होतो. गोडाऊन जळालं की जाळलं, ट्रक चोरीला गेला की मेव्हण्याच्या शेतात कडब्याआड उभा आहे, हे बघून सांगायचं माझं काम. नाव ज्ञानबा गोरड, गाव सांगोल्याकडं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. कळपात घुसलेलं परकं मेंढरू ओळखायची सवय तिथनंच लागली असावी.

सात रस्त्याला रिक्षा सोडली आणि मागच्या गल्लीत चनबसप्पाच्या घरी शिरलो. अंगणात दोऱ्या बांधून गोधड्या, दुलया, उशांचे अभ्रे वाळत घातले होते. त्यातली एक ओली गोधडी माझ्या टकलाला थपकन लागली. महानवमी जवळ आली की सोलापुरात हेच. घरातली एक चिंधी पाण्याशिवाय सुटत नाही.

चनबसप्पा कलशेट्टी माझा होस्टेलातला दोस्त. मूळचा दुधनीचा. बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळण्यात उमर घालवली आणि निवृत्त होऊन सोलापुरात पुस्तक लिहायला बसला. मराठीत! माहितीला कुलूप कसं लावायचं, ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरापोरींना शिकवणारं पुस्तक. मी म्हणायचो, “चन्नू, असलं इंग्रजीत ढिगानं असतंय की.” तो म्हणायचा, “असतंय. पण दवाखान्याचं, डेअरीचं, पतसंस्थेचं ॲप आपल्याच गावची पोरं लिहितात, आणि सगळ्यांचे पासवर्ड जसेच्या तसे उघड्यावर ठेवतात. त्यांना कुणीतरी त्यांच्या भाषेत रागवायला पाहिजे ना?”

पुस्तक पुरं झालं, आणि गणपती उठल्यावर चार दिवसांत त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. लिहिता येईना, बोटानं अक्षर दाखवता येईना. काल दवाखान्यातून घरी आणला होता.

त्याच्या खोलीत गेलो. खाटेवर तो, उशाशी त्याची बायको दानेश्वरीवहिनी, टेबलाजवळ पुतण्या गुरु. आणि उंबऱ्याबाहेर, आत यायची हिंमत नसलेला मल्लेश बल्ला. हा चन्नूचा विद्यार्थी. पुस्तकातले सगळे प्रोग्रॅम यानं चालवून तपासले होते. याच्या बापाचे, नरसय्याचे, चादरीचे माग आहेत.

“पुस्तक उघडत नाही,” गुरु म्हणाला. “काकांनी ते कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद ठेवलंय आणि किल्ली बदलली गेलीय. किल्ली म्हणजे ही!” त्यानं समोरच्या भिंतीवर टांगलेल्या चादरीकडं बोट केलं. “ही काकांची चादर नाही. काकांच्या चादरीला कोपऱ्यात मागवाल्याचं लेबल होतं, हिला नाही. काकांची चादर उन्हानं विटली होती, ही बघा, कोरी करकरीत. नक्कल विणून लावली आणि अस्सल घेऊन गेला. माग कुणाच्या घरी आहेत ते सांगायला नको.”

मल्लेशनं खाटेकडं बघितलं. “मी नेली नाही, सर.”

“मग पुस्तक का उघडत नाही?”

“तेच मला कळत नाही,” मल्लेश म्हणाला.

“संध्याकाळी मी पोलिसात तक्रार देणार,” गुरु म्हणाला. “तोवर चादरीला कुणी बोट लावायचं नाही. पुरावा आहे.”

तेवढ्यात खाटेवरून घशातला आवाज आला. चन्नू माझ्याकडं बघत होता. त्यानं डावा हात उचलला, तळवा वर केला आणि पालथा केला. परत वर, परत पालथा. डोळ्यांत पाणी आणि कपाळावर आठ्या.

“कालपासून हेच,” वहिनी म्हणाल्या. “काय पाहिजे कळतच नाही हो भाऊजी.”

२

ती चादर मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हसलो होतो. सोलापूरची चादर म्हणजे मोर, फुलं, वेलबुट्टी, देऊळ. या चादरीवर नुसत्या चौकटी. सोळा ओळी, ओळीत सोळा चौकटी, कुठली मरून, कुठली पांढरी. ना काठ, ना पदर, ना आकार. “झोपेत विणली काय रे?” मी म्हणालो होतो.

“नाणं उडवून विणली,” चन्नू म्हणाला होता. “नरसय्याच्या शेडमध्ये बसलो. छापा पडला की मरून, काटा पडला की पांढरी. तो बिचारा म्हणत होता, सर, मधे एक तरी कमळ घालतो. म्हटलं, नको. माणसाच्या मनात जी नक्षी येते ती चोराच्याही मनात येते. नाण्याला मन नसतं.”

मला वाटलं, म्हाताऱ्याचं फिरलं. मग त्यानं मला खाली बसवलं आणि समजावलं. एका चौकटीच्या दोन शक्यता. दोन चौकटी झाल्या की चार, तीन झाल्या की आठ, दहा झाल्या की हजाराच्या वर. प्रत्येक चौकटीला दुप्पट. आणि ही अशी सोळा ओळी. “ज्ञानू, पृथ्वीवरचे सगळे कॉम्प्युटर एका कामाला जुंप, सूर्य विझेपर्यंत जुंप. ही चादर कशी आहे ते त्यांना अंदाजानं सांगता येणार नाही. आणि मी ती पायावर घेऊन झोपू शकतो.”

माझ्या अंगावर काटा आला होता. मी त्या चादरीला हात लावून बघितला. जाड, खरखरीत सुती कापड. सूर्य विझेल पण हे कापड सांगणार नाही! खोटं सांगत नाही, मी त्या दिवशी तिला नमस्कार केला. चन्नू हसला नाही. तोही रोज सकाळी मोबाईल तिच्यासमोर धरायचा, मोबाईल चौकटी वाचायचा, पुस्तक उघडायचं आणि काम सुरू व्हायचं. पूजाच होती ती.

आता तीच चादर समोर होती, किंवा तिची नक्कल, आणि माझ्या दोस्ताचं पुस्तक तिच्या पलीकडं अडकलं होतं. त्याला ते परत सांगता येणार नव्हतं, लिहिता येणार नव्हतं. पुस्तक गेलं म्हणजे चन्नूचं बोलणं कायमचं गेलं. मी मल्लेशला गल्लीतल्या चहाच्या टपरीवर घेऊन गेलो.

“खरं सांग. ऐकलं, बेंगळुरूच्या कंपनीत तुला नोकरी लागलीय?”

“हो. पुढच्या महिन्यात जायचंय.”

“तिथं हेच शिकवायचंय?”

“हेच. म्हणून तर गुरुदादाला वाटतंय की मी सरांचं पुस्तक माझं म्हणून खपवणार.” त्यानं चहा तसाच ठेवला. “पोलीस केस झाली तर नोकरी गेलीच. पण त्याचं सोडा. काल सर माझ्याकडं बघून हात हलवत होते. मला वाटलं, जा म्हणतायत. त्यांनाही असंच वाटत असेल तर, काका?”

मी माझाही कप खाली ठेवला.

“चादरीचा जुना फोटो असेल की तुझ्याकडं. चन्नू रोज काढत होता ना?”

“फोटो वाचला की लगेच पुसायचा, असा प्रोग्रॅम मीच लिहिलाय. सरांचा नियम होता.” तो कसंनुसं हसला. “एक फोटो चोरून ठेवला असता तर आज पुस्तक उघडलं असतं.”

“चादर आडवी-उभी करून बघितली?”

“फोटो चारही बाजूंनी फिरवून बघितला. उघडत नाही. आणि काका, यात जवळपास उघडलं असं काही नसतं. एक चौकट चुकली काय आणि सगळ्या चुकल्या काय, कुलुपाला सारखंच. नुसता कचरा दिसतो. मिनतवारी नाही, वशिला नाही. सर म्हणायचे, जगात एवढा प्रामाणिक दरवाजा दुसरा नाही.”

मी टपरीवरून घराकडं बघितलं. दरवाजा प्रामाणिक होता. मग खोटं कोण बोलत होतं?

३

वहिनींना मी स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. त्या दवाखान्यात चन्नूच्या उशाशी होत्या, घर त्यांनी कालच बघितलं.

“मागं घरात कोण होतं?”

“आमच्या शिवबाईअक्का. दुधनीहून आल्यात, ह्यांच्या थोरल्या बहीण. गुरु दिवसातून एकदा यायचा. मल्लेश यायचा संध्याकाळी, दवाखान्यात डबा न्यायला.”

“मल्लेश एकटा खोलीत जायचा?”

“भाऊजी, तुम्हाला एक सांगू? ह्या घराची एक चावी त्याच्याकडं असते. ह्यांनीच दिलेली. पण त्यानं कधी चावीनं दार उघडलं नाही. मी ओरडायची, अरे उघडून ये की, माझी पोळी करपतेय! तरी कडी वाजवून उभा राहायचा. मी म्हणते, असला पोरगा चोरी कशी करेल?”

हे काही पुरावा म्हणून चालत नाही. कडी वाजवून आत येणारे चोर मी बघितलेत. पण लक्षात ठेवलं.

मग गुरु. त्याला मी सरळ विचारलं, “तुला काय मिळणार रे यातनं?”

तो भडकला. “काकांनी मला वाढवलंय, गोरडकाका! बाप गेल्यावर शाळेची फी त्यांनी भरली. माझा कॉम्प्युटर क्लास त्यांच्या आशीर्वादानं चाललाय. आणि पुस्तक लिहिताना हाताशी घेतलं कुणाला? मल्लेशला.” एवढं बोलून त्यानं जीभ चावली. जास्त बोललो हे त्याला कळलं असावं.

पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला दुखत होतं, आणि दुखणाऱ्या माणसाला चोर लवकर सापडतो. तरी त्याच्या दोन गोष्टी पक्क्या होत्या. लेबल नव्हतं. आणि चादर खरंच कोरी दिसत होती. मी अगदी जवळ जाऊन बघितलं, हात पाठीमागं बांधून. मरून रंग गडद, पांढरा स्वच्छ. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन नेमकं या भिंतीवर येतं. इतकी वर्षं ऊन खाल्लेली चादर अशी राहणं शक्य नाही.

म्हणून नरसय्याकडं गेलो. पूर्व भागात त्याची शेड आहे. मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचं. आतल्या बाजूला दोन बाया तयार चादरींच्या घड्या घालत होत्या. उचल, झटक, घाल घडी, टाक थप्पीवर. हात नुसते चालले होते, बघायचं कामच नव्हतं.

“माझा मुलगा चोर?” नरसय्या ओरडला. पुढं तो तेलुगूत जे बोलला ते मला कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती.

“त्या चादरीची नक्कल करता येईल का, तेवढं सांगा.”

“कशावरून करू? ज्यांवरून माग नक्षी विणतो ते जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे सरांनी माझ्यासमोर चुलीत घातले. स्वतःच्या हातानं. आणि आठवून म्हणाल, तर मोर असता तर आठवला असता. फूल आठवलं असतं. त्या चौकटीत काय आठवणार? मी विणली, पण समोर दुसरी तसली धरली तर सांगता येणार नाही, हीच का ती.”

मी शेडमधून बाहेर आलो आणि रिक्षात बसून त्या वाक्यावर विचार करत राहिलो. सर्व्हेअरच्या धंद्यात एक खोड लागते. गोष्ट नाहीशी झाली की आधी विचारायचं, ती नाहीशी करून कुणाचा फायदा? मल्लेशला किल्ली पाहिजे असती तर एक फोटो बास होता. चादर जड, डोळ्यात भरणारी. ती उचलून नेणारा, तिच्या जागी खोटी विणून आणणारा माणूस मूर्ख असला पाहिजे. मल्लेश मूर्ख नव्हता. म्हणजे चादर चोरायचं कारण कुणालाच नव्हतं.

आणि तरी समोरची चादर पुस्तक उघडत नव्हती. सूर्य विझेपर्यंत टिकणारं कुलूप कुणीतरी सहज बिघडवलं होतं.

४

परत आलो तर गुरु मोटारसायकल काढत होता. “तक्रार लिहून घेतलीय. सही करून देऊन येतो.”

“जेवणापुरता थांब,” मी म्हणालो. माझ्याजवळ त्याला थांबवायला दुसरं काही नव्हतं.

स्वयंपाकघरात शिवबाईअक्का भाकरी थापत होत्या. कपाळाला विभूती, कमरेला पानसुपारीची चंची. वय झालेलं, पण हाताचा थपथप आवाज बाहेरपर्यंत येत होता.

“बस ज्ञानू. खा दोन घास. माझ्या तमाला खाऊ घालायला करतीया.” धाकट्या भावाला त्या कानडीतलं तमाच म्हणायच्या. “कालपासनं हात करून दाखवतोय बघ, आसं.” त्यांनी पीठ लागलेला तळवा वर केला आणि पालथा केला. “भाकरी मागतोय की! तव्यावर उलटायची, तसं. म्या लगीच करून दिली. तर खाईना. तोंड फिरवतंय. रडतंय.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “काय चुकतंय काय की माझं.”

“तुमचं कशाला चुकंल अक्का?”

“यप्पा, म्या आल्यापासनं बसलीय व्हय? तिकडं तमा दवाखान्यात, मनाला चैन पडंना. म्हनलं म्हारनवमी आली, घर तरी धुवून काढू. समदं धुतलं बघ. एक चिंधी ठिवली न्हाय.”

त्यांनी तव्यावरची भाकरी बोटांनी उचलली आणि पालथी केली. वरची कोरी बाजू खाली गेली, भाजलेली बाजू वर आली. भाकरी तीच होती.

मी घास हातात धरून बसलो. तळवा वर, तळवा पालथा. कोरी बाजू, भाजलेली बाजू. न बघता घड्या घालणाऱ्या त्या दोन बाया.

“अक्का,” मी म्हणालो, “चन्नूच्या खोलीतली भिंतीवरची चादर धुतली?”

“धुतली की! लई धूळ हुती. दगडावर घासली चांगली.”

“तिला कोपऱ्यात लेबल होतं.”

“निघून आलं त्ये घासताना. टाकलं न्हाय म्या.” त्यांनी कमरेची चंची सोडली, सुपारीच्या खांडांतून एक चुरगाळलेली कापडी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. नरसय्याच्या कारखान्याचं नाव स्पष्ट होतं. “शिवून लावनार हुते. सुईत दोरा ववायला कुनी घावलं न्हाय.”

“आणि परत टांगताना कुठली बाजू वर केली?”

अक्का माझ्याकडं बघून हसायला लागल्या. “खुळा का काय तू? सोलापूरच्या चादरीला उलटं-सुलटं असतंय व्हय? दोनी अंगानं वापरायची, म्हनून तर घ्यायची!”

मी ताटावरून उठलो. आयुष्यात पहिल्यांदा भाकरी अर्धी टाकून.

५

“सगळे खोलीत या,” मी ओरडलो. “मल्लेश, तूसुद्धा. गुरु, ती मोटारसायकल लाव जागेवर.”

सगळे आले. मल्लेशनं उघड्या दाराच्या चौकटीवर टकटक केलं आणि मगच पाय आत टाकला. चन्नू खाटेवरून माझ्या तोंडाकडं बघत होता.

“गुरु, तुझे पुरावे खरे आहेत,” मी म्हणालो. “लेबल नाही, खरं. ते हे घे. धुताना निघालं, अक्कांच्या चंचीत होतं. चादर कोरी दिसते, हेही खरं. आता मला सांग, भिंतीकडं तोंड करून इतकी वर्षं टांगलेल्या बाजूवर ऊन कधी पडलं?”

गुरुनं लेबल हातात घेऊन उलटसुलट केलं.

“आपली चादर दुहेरी विणीची. या अंगाला जिथं मरून, त्या अंगाला तिथंच पांढरं. मोर असता तर पांढऱ्याचा मरून झालेला कुणाच्याही ध्यानात आला असता. पण हिच्यात नाण्यानं पाडलेल्या चौकटी. बिनअर्थाची गोष्ट डोळा लक्षात ठेवत नाही, विणणाऱ्याचाही नाही. अक्कांनी धुतली, वाळवली आणि आपल्याकडं सगळे टांगतात तशी, न बघता टांगली. प्रत्येक चौकट उलटी झाली. मल्लेशनं फोटो चारही बाजूंनी फिरवला, चादर फिरवली नाही. आणि का नाही? तू पुरावा म्हणून तिला बोट लावू दिलं नाहीस!”

“पण काका,” मल्लेश म्हणाला, “सरांचा हात?”

“तुला जा म्हणत नव्हता रे बाबा. समोर झोपून त्यानं एका नजरेत ओळखलं. लेबल नाही, ऊन खाल्लेली बाजू नाही. कालपासून हा माणूस ओरडून सांगतोय, उलटी करा, उलटी करा, आणि आपण त्याला भाकऱ्या चारतोय.”

चन्नूनं डोळे मिटले. त्याची छाती हलत होती. हसत होता की रडत होता, सांगता येईना. मला वाटतं दोन्ही.

“आत्या!” गुरु अक्कांवर फिरला. “तुला कुणी सांगितलं होतं...”

“गप्प बस!” मी म्हणालो. “घरात चादर धुतली म्हणून बाईला बोलणार तू? तुझ्या तक्रारीत आता कुणाचं नाव घालणार, धुण्याच्या पावडरचं?”

अक्का भिंतीला टेकल्या होत्या. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण आपल्या हातून भावाचं काहीतरी गेलं एवढं कळलं होतं. चन्नूनं डावा हात लांब केला आणि त्यांच्या लुगड्याचा सोगा धरला.

मी आणि गुरुनं चादर उतरवली. मागची बाजू समोर आली तेव्हा वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, “अग बाई, हीच!” विटकी, पिवळसर, ऊन प्यालेली. मी ती तशीच टांगली. मल्लेशनं मोबाईल धरला.

पडद्यावर अक्षरं आली. चिन्हं, आकडे, चौकोन. कचरा.

“नाही उघडलं,” मल्लेश म्हणाला.

गुरुनं माझ्याकडं बघितलंही नाही, आणि तेच मला लागलं.

तेवढ्यात खाटेवरून तो घशातला आवाज आला. चन्नूचा डावा हात वर होता. या वेळी तळवा उलटा होत नव्हता. एक बोट हवेत गोल फिरत होतं.

“खालचं वर,” गुरु म्हणाला. आणि त्यानंच पुढं होऊन चादर काढली, फिरवली आणि खालची कड वर टांगली. मल्लेशनं परत मोबाईल धरला.

मी देवळात बऱ्याचदा गेलोय, पण खरं सांगतो, अंगावर असा काटा कुठं आला नाही. पडद्यावरचा कचरा गेला आणि त्याजागी मराठी आलं. स्वच्छ, सरळ मराठी. ओळीमागून ओळ, पानामागून पान. धडे, उदाहरणं, प्रोग्रॅम, मधेच चन्नूची ती खास रागावणी, “पोरांनो, स्वतःचं कुलूप स्वतः बनवायची हौस करू नका.” मुक्या झालेल्या माणसाचा आवाज खोलीत भरला. त्या एवढ्याशा कापडानं तो जपून ठेवला होता, आणि घरच्याच बाईनं मायेनं धुतलं म्हणून कालपासून आपल्यालाही दिला नव्हता. कुलुपाला माया कळत नाही, राग कळत नाही, फक्त चौकटी कळतात. मी परत एकदा हात जोडले. या वेळी एकटा नव्हतो, अक्काही जोडत होत्या.

“किल्लीचा धडा कुठाय?” मी मल्लेशला विचारलं. त्यानं काढून दिला. मी मोठ्यानं वाचलं. “‘किल्लीची एक प्रत नेहमी दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवावी.’ काय रे चन्नू? लोकांना शिकवतोस! तुझी दुसरी चादर कुठाय?”

चन्नूनं डावा तळवा वर केला आणि पालथा केला. आता त्याचा अर्थ सगळ्यांना कळला: दुसरी म्हणजे हिचीच मागची बाजू. सगळे हसले. वहिनी तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“पहिलं पान वाच,” मी मल्लेशला म्हणालो.

त्यानं पान वर नेलं. नाव, लेखक, आणि खाली अर्पणाच्या दोन ओळी. तो वाचायला लागला आणि अडला. त्यानं मान फिरवली.

मग गुरुनं चष्मा पुसला, पुढं वाकला आणि वाचलं.

“मल्लेश बल्ला यास. याच्याकडं किल्ली होती, तरी हा रोज दार वाजवून आत आला.”

गुरुनं खिशातून तक्रारीचा कागद काढला, फाडला आणि तुकडे परत खिशातच ठेवले. मल्लेशच्या खांद्यावर हात ठेवायला त्याला थोडा वेळ लागला, पण ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच होतो. छपाईसाठी पानं लावायला मल्लेश येणार होता. दाराची कडी वाजली. स्वयंपाकघरातून वहिनी नेहमीसारख्या ओरडल्या, “अरे चावी आहे ना तुझ्याकडं!”

आणि गुरु उठून दार उघडायला गेला.